हुजूरांचं कपाट

सर, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात वाचनालयात एक जण आला. पडघ्याच्या शाळेत नव्यानं लागलेला शिक्षक. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "बाई, उजव्या विचारांचं काही वाचायचंय. भाषणं नकोत, विचार पाहिजेत. कुठून सुरुवात करावी?"

पूर्वी असं कुणी विचारलं की मी नुसता आतल्या खोलीकडे हात करायचे. आता त्या खोलीत स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. मी त्याला म्हटलं, "हे ज्यांना विचारायचं ते परवाच वारले." तो बिचारा ओशाळला आणि निघून गेला. मी त्याला थांबवलं नाही. कुठलं पुस्तक देणार होते? तेव्हापासून माझं तुमच्याशी बोलणं सुरू झालंय. आधी मनातल्या मनात, आता कागदावर, आणि खरं सांगायचं तर भांडल्यासारखं.

तुमच्याविषयी पेपरात दोन ठिकाणी छापून आलं. जन्म, शिक्षण, वाचनालयाची सेवा, पश्चात पत्नी. ते सगळं बरोबर आहे. त्यात तुम्ही नाही आहात, एवढंच.

मी अंजूरची, आगरी शेतकऱ्याची मुलगी. बीए होऊन घरी बसले होते. बाबा म्हणायचे, शिकलीस ती पुरे, आता भात झोडायला ये. तुम्ही मला सहायक म्हणून घेतलंत तेव्हा समितीतल्या एकानं विचारलं होतं, "शहरातली मिळाली नाही का कुणी?" तुम्ही त्याला उत्तरसुद्धा दिलं नाहीत. मला खुर्ची दाखवलीत आणि म्हणालात, "सुनंदा, इथं बसायचं. लोक पुस्तक मागतील ते द्यायचं आणि कोण काय मागतं याकडे लक्ष ठेवायचं. सहा महिन्यांत तुला हे शहर कळेल." त्या खुर्चीबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात कृतज्ञतेला फारशी जागा उरणार नाही.

लोक तुम्हाला पाठीमागे 'हुजूर' म्हणत. विलायतेतल्या परंपरावादी हुजूर पक्षावरून. यंत्रमाग कामगारांच्या युनियनमधली मंडळी तर तोंडावरही म्हणत, आणि तुम्ही हसून मान तुकवत असा. तुमचं ते आतल्या खोलीतलं कपाट म्हणजे हुजूरांचं कपाट. त्यात क्रांतीला घाबरलेल्या विलायती पंडितांचे जाड ग्रंथ होते, स्मृतींवरच्या टीका होत्या, आपली घटना लिहिताना झालेल्या चर्चांचे खंड होते, आधी समाज सुधारायचा की आधी राज्य मिळवायचं या जुन्या वादातले दोन्ही बाजूंचे लेख होते. आणि डाव्यांचीही पुस्तकं होती, वरच्या कप्प्यात, सहज हाताला येतील अशी. कुणी नवा आला की तुम्ही आधी त्यातलंच एक काढून द्यायचात. तो म्हणायचा, "सर, मला तर तुमच्या बाजूचं पाहिजे होतं." तुम्ही म्हणायचात, "आधी हे वाच. यानं तुझं मन वळलं तर माझ्याकडे यायची गरजच नाही. नाही वळलं, तर का नाही वळलं ते सांगायला ये."

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या दंगलीनंतर तुम्ही रविवारची बैठक सुरू केलीत. वाचनालय कितीतरी दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा रस्त्यावर जळक्या सुताचा वास अजून होता. तुम्ही खिडक्या पुसत होतात, मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावत होते. अचानक तुम्ही म्हणालात, "मोडायला काय लागतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. टिकायला काय लागतं ते कुणी वाचतच नाही." पुढच्याच रविवारी सातआठ माणसं आतल्या खोलीत बसली. दोन वकील, एक डॉक्टर, कॉलेजातली काही मुलं, आणि लूमचे मालक रफीकभाई, ज्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी उतारा दोनदा वाचायचात. लाइट गेली की सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबत आणि तुमचा आवाज उगाचच मोठा ऐकू येई. मग तुम्ही दचकून आवाज खाली आणायचात.

तुमची शिकवण सोपी होती. जुनं आहे म्हणून चांगलं, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात की एखादी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असेल, तर ती काढून टाकण्याआधी ती कशासाठी घातली होती हे शोधा. सापडलं तर विचार करा. सापडलं नाही तर आणखी शोधा. आणि सत्ता कुणाच्याही हाती असो, तिच्या हाताला मागून एक दोरी बांधलेली असली पाहिजे. स्वतःला तुम्ही सनातनी म्हणवून घेत नसा. "मी सावधपंथी," म्हणायचात. शब्द तुमचाच होता.

एकदा तुम्ही सगळ्या बैठकीला अंजूरला घेऊन आलात, आमचा खाडीचा बांध दाखवायला. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध. दरवर्षी उधाणाआधी घरटी माणूस येऊन त्यावर माती टाकणार, हे कुठल्याही सरकारनं सांगितलेलं नाही, तरी चालत आलंय, याचं तुम्हाला फार अप्रूप. बांधावर उभं राहून म्हणालात, "माझ्या कपाटातली निम्मी पुस्तकं जे सांगायला धडपडतात ते इथं समोर आहे. हे वाचा."

सगळे कौतुकानं बघत होते. मी म्हटलं, "सर, घरटी माणूस म्हणता, पण माती वाहायला माझी आई यायची. बाबा नाव लावायला." रफीकभाई हसले. तुम्ही हसला नाहीत. "मुद्दा आहे," म्हणालात. आणि पुढं चालू लागलात.

सर, तो मुद्दा तिथंच राहिला. तुमच्याशी माझं जे काही भांडण आहे ते त्या बांधावर सुरू झालं आणि आजही तिथंच उभं आहे. तुम्ही जपायची म्हणून जी जी गोष्ट दाखवलीत, तिच्यात माझ्यासारखीच्या वाट्याला फक्त वाहणं होतं. मी हे विचारलं की तुम्ही मला आणखी एक पुस्तक द्यायचात. मी ते वाचायचेही.

मग बाबा गेले. धाकटा भाऊ हरेश तेव्हा नुकताच जमिनींच्या दलालीत शिरला होता. शेजारच्या वळ गावाच्या बाजूला गोदामं उभी राहायला लागली होती आणि आमच्या बाजूलाही गाड्या फिरू लागल्या होत्या. तेराव्यानंतर तो म्हणाला, "ताये, हक्कसोड करून टाक. नावं कमी झाली की कागद सोपं व्हतात." आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "भावाशी वाकडं घेशील तं जाशील कुठं? तुझं लगीन न्हाय झालेलं."

मी सही करणार नव्हते. कायदा मला माहीत होता, तुमच्याच बैठकीतल्या वकिलांनी सांगितला होता. तरी तुम्हाला विचारलं, कारण तुम्हाला विचारल्याशिवाय मी तेव्हा काहीच करत नसे. दुपारची वेळ होती, वाचनालयात कुणी नव्हतं. तुम्ही चष्मा काढून ऐकलंत.

"हक्क तुझा आहे, त्यात वादच नाही," तुम्ही म्हणालात. "पण हक्क आहे म्हणून तो बजावलाच पाहिजे असं नाही. खारजमिनीचे तुकडे पडले की बांध कुणाचाच राहत नाही. ती एका हातात राहिली तर शेत म्हणून राहील. घरही राहील."

"आणि मी?"

"तू तर इथं आहेस," तुम्ही म्हणालात. "तुझ्या पायावर उभी आहेस. तुला जमिनीची गरज नाही."

मला गरज आहे की नाही हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं. पण तुम्ही इतक्या मायेनं बोललात, की मी गेले आणि सही केली. तालुक्याच्या कचेरीबाहेर हरेशनं मला उसाचा रस पाजला.

दीड वर्षात भराव पडला. आमच्या भातावर खडी आणि मुरूम, त्यावर पत्र्याचं गोदाम. ट्रक आत यायला रस्ता हवा म्हणून बांध दोन ठिकाणी कापला. हरेशनं बंगला बांधला. त्यात आईला खोली होती, मला नव्हती. मी शहरात भाड्याची खोली घेतली. तुम्हाला हे सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही हातातलं पुस्तक मिटलंत. मग म्हणालात, "हे मला दिसायला हवं होतं. पण तत्त्व चुकीचं नव्हतं, सुनंदा."

सर, मला तुमचं पहिलं वाक्य पुरलं असतं. त्यापुढचं 'पण' मी आजतागायत गिळू शकलेले नाही.

आणि त्याच हरेशला तुम्ही बैठकीत बसवलंत. मी म्हटलं होतं, नको. तुम्ही म्हणालात, "शेतकऱ्याचा मुलगा पुस्तक मागतो आहे. त्याला नाही म्हणणारा मी कोण?" तो यायचा, पुस्तकं न्यायचा, परत आणायचा. मीच नोंद करायचे. पानं कधी उलटलेली नसत. पण तो राजकारणात शिरला तसे त्याच्या भाषणांत तुमचे शब्द यायला लागले. परंपरा, संस्था, वारसा. तुमचे शब्द त्याच्या तोंडी ऐकले की मला कुणी आपली साडी नेसून समोर उभं राहिल्यासारखं वाटे.

मग ब्याण्णवचा तो डिसेंबर आला. मुंबई जळत होती आणि आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधीची दंगल होती. शांततेसाठी नेमलेल्या मोहल्ला कमिटीत तुम्ही आणि रफीकभाई शेजारी शेजारी बसत होतात. सकाळ-संध्याकाळ चौकाचौकांतून हिंडत होतात. तुम्हाला दम लागायचा, रफीकभाई तुमच्यासाठी प्रत्येक नाक्यावर खुर्ची मागायचे. "सर, बैठ जाओ. दोन मिनिट बैठ जाओ, लोक दोघांना एकत्र बघतील तरी." एका दुपारी हरेश आपल्या टोळक्यातली पोरं घेऊन वाचनालयात आला. मी काउंटरवरच होते.

"सर, तुम्ही तं आपले," तो म्हणाला. "तुमचा कपाटच आपल्या बाजूचा. मंग तुम्ही त्यांच्यात काय करता?"

तुम्ही उभेसुद्धा राहिला नाहीत. "त्या कपाटातलं एकही पुस्तक तू वाचलेलं नाहीस," तुम्ही म्हणालात. "वाचलं असतंस तर कळलं असतं. ती लिहिणारी माणसं एकमेकांशी कशावरही भांडतील, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. जमावाला घाबरा. आपल्या जमावाला तर जास्तच."

पोरं हसली. हरेश हसला नाही. शहर त्या हिवाळ्यात शांत राहिलं. ते कुणामुळे राहिलं याचं श्रेय पुढं बऱ्याच जणांनी घेतलं. तुम्ही आणि रफीकभाई त्यात नव्हतात. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता, सर, की जमिनीचं सगळं मी विसरले होते. काही महिने विसरलेच होते.

हरेश ती दुपार विसरला नव्हता. पुढच्या वार्षिक सभेला वाचनालयात कधी न दिसलेले चेहरे आले. सगळे नवे सभासद, एका झटक्यात केलेले. समिती बदलली. आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षा केंद्र करायचा ठराव आला आणि कपाट 'तूर्त' हलवायचा. हात वर झाले. मी तुमच्याकडे बघत होते. वकील उठले होते, डॉक्टर उठले होते, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर निम्मी सभा तुमच्या मागे आली असती. तुम्ही त्यांना हातानं खाली बसवलंत.

बाहेर पायऱ्यांवर मी तुम्हाला गाठलं. "सर, ही सगळी माणसं आणलेली आहेत."

"सभासद आहेत ना?"

"कालचे."

"नियमात बसतं. ठराव रीतसर झालाय. आज मी तो मानला नाही, तर उद्या माझा कुणी का मानावा?"

"उद्या तुमचा ठराव येणारच नाही, सर."

तुम्ही चपला घातल्यात. एका पायाची अंगठ्यात नीट बसेना, मी खाली वाकून बसवून दिली. तुम्ही निघून गेलात आणि त्यानंतर वाचनालयाची पायरी चढला नाहीत. मी मात्र तिथंच राहिले, माझ्या भावाच्या समितीच्या हाताखाली. मला खोलीचं भाडं होतं. मला तत्त्व परवडत नव्हतं.

तुमची पुस्तकं गोण्यांत भरून हरेशच्या गोदामात गेली. आमच्याच खारजमिनीवरच्या गोदामात. आईला भेटायला गेले होते तेव्हा मी बघून आले. उधाणाचं पाणी आत येऊन गेलं होतं आणि खालच्या गोण्या फुगून फुटल्या होत्या. आधी पुठ्ठे सुटलेले, मग पानांचा लगदा. वरच्या काही गोण्या कोरड्या होत्या, पण त्यांच्यावर कुणाच्या तरी मालाची खोकी रचलेली. तिथला हमाल म्हणाला, "बाई, शेठला विचारल्याबिगर हात नका लावू." तुमच्या घरी येऊन मी हे सांगितलं. रडत सांगितलं. काकूंनी पाणी दिलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पाणी कुठून आलं? बांध नेमका कुठं फुटला?"

मला तेव्हा तुमचा संताप आला होता. पुस्तकांविषयी एक शब्द नाही, माझ्याविषयी नाही. बांध कुठं फुटला. आज वाटतं, तुम्हाला खरंच त्याचंच दुःख होतं. पण ते दुःख माझ्या सहीतून गेलेलं होतं, आणि ती सही तुमच्या सांगण्यावरून झाली होती, हे तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं.

मागच्या महिन्यात आले तेव्हा तुम्ही पलंगावरच होतात. मी पेपर वाचून दाखवला. हरेशचा फोटो होता, गळ्यात हार. तुम्ही म्हणालात, "तो फोटो राहू दे, अग्रलेख वाच." तो वाचून झाल्यावर डोळे मिटून पडून राहिलात. मला वाटलं झोपलात.

"तू अजून रागावलेली आहेस," तुम्ही म्हणालात.

"हो."

"असू दे. जप तो राग."

एवढंच. मी वाट बघत बसले होते. काकू औषध घेऊन आल्या, मग शेजारचे आले. तुम्हाला जपण्यापलीकडे कधी काही सुचलंच नाही, सर. शेवटी माझा रागसुद्धा तुम्ही जपायच्या वस्तूंत टाकलात. तुम्ही गेल्यावर मी काकूंना विचारलं, "माझ्याविषयी काही म्हणाले होते का?" त्यांनी आठवून बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "नाही गं," म्हणाल्या.

परवा शोकसभा झाली. कुठं, ते तुम्ही ओळखलंच असेल. आतल्या खोलीत. टेबलं बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या, तुमच्या फोटोला मोठा हार. रफीकभाई मागच्या रांगेत बसले होते, त्यांना पुढं कुणी बोलावलं नाही. हरेश शेवटी बोलला. म्हणाला, "मला पयलं पुस्तक सरांनी दिलं. आपली परंपरा कशी जपायची ते मी सरांच्या पायाशी बसून शिकलो." आवाज भरून आला होता त्याचा. कदाचित खरंच आला असेल. मग त्यानं सूचना मांडली की या केंद्राला सरांचं नाव द्यावं. अनुमोदन झालं. अध्यक्ष म्हणाले, "सर्वानुमते मंजूर समजू या?"

मी उभी राहिले.

"नाही," मी म्हटलं. "या खोलीतून त्यांना काढलं. त्यांची पुस्तकं कुठं आहेत ते सांगा, ती परत आणा, मग नाव द्या."

अध्यक्ष म्हणाले, "सुनंदाबाई, ही शोकसभा आहे."

हरेश व्यासपीठावरून खाली आला. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "ताये, घरचा राग हितं काढू नको. बस."

"न्हाय बसत," मी म्हटलं. "मी सही केली, तवाच गप बसले व्हते. आता पुस्तकं कुठं हायेत ते सांग. सगळ्यांपुढं सांग."

त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. मागून रफीकभाई उठले आणि नुसते उभे राहिले. मग डॉक्टर. मग कॉलेजातली ती मुलं, जी आता मुलं राहिलेली नाहीत. फार नव्हते, सर. सगळी मिळून एका सतरंजीवर मावतील इतकी माणसं. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि दोन मिनिटांच्या शांततेची घोषणा केली.

काकूंना घेऊन मी बाहेर पडले. मंडईपाशी हातगाड्यांच्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे असते तर त्यांनी तुला खाली बसवलं असतं."

"हो," मी म्हटलं.

"आणि तू बसली असतीस."

"बसले असते, काकू."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. तुम्ही नव्हतात म्हणून मला बोलता आलं, सर. हे वाक्य लिहून मी बराच वेळ बघत बसले आहे. खोडावंसं वाटतं, पण खोडणार नाही.